आधी भावाकडे जा, मग देवाकडे



भावाभावाच्या भांडणात मध्यस्थी करायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य खिशात घालून जातो. "जाऊ द्या, झालं गेलं गंगेला मिळालं." मग दोघांना शेजारी बसवायचं, चहा पाजायचा, हातात हात द्यायला लावायचा आणि मोबाईलवर फोटो काढायचा. फोटो गावच्या ग्रुपवर पडतो. लोक अंगठे दाखवतात. आणि पुढच्या पेरणीला त्याच बांधावर पुन्हा ट्रॅक्टर आडवा उभा राहतो.

तालुक्याच्या बातम्या लिहिताना तहसील कचेरी, पोलीस ठाणं आणि दिवाणी कोर्ट या तीन ठिकाणी नेहमी जावं लागतं. तिथं समोरासमोर उभी असलेली माणसं पुष्कळदा एकाच आडनावाची असतात. बांध कोरला, रस्ता अडवला, विहिरीची पाळी मोडली, बापाच्या आजारपणात अंगठा घेतला. कारणं तीच, तारखा नव्या.

आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, ख्रिस्ती समाज जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ साली सुरू झालं. त्यामुळे बायबल हे आपल्याकडे कुणा परदेशी लोकांचं पुस्तक राहिलेलं नाही. शेजारच्या घरात ते मराठीतच वाचलं जातं. पण ज्या घरात ते वाचलं जातं त्या घरातले भाऊही कोर्टात आहेत, आणि ज्या घरात ज्ञानेश्वरी वाचली जाते तिथलेही आहेत. म्हणून आज या विषयावर लिहितोय. हे प्रवचन नाही. भांडणाच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाने त्या पुस्तकातल्या भांडणांकडे बघितलं तर काय दिसतं, एवढंच सांगायचंय.

पहिली गोष्ट ही दिसते, की "विसरून जा आणि गळ्यात पडा" असं ते पुस्तक कुठेच सांगत नाही. लोक धर्माच्या नावाने तसं सांगतात. पुस्तक बरंच अवघड सांगतं.

उत्पत्ति हे बायबलचं पहिलं पुस्तक. त्यातला पहिला खून भावाने भावाचा केलेला आहे. काइन शेती करणारा, हाबेल मेंढरं राखणारा. दोघांनी देवापुढे अर्पण आणलं. धाकट्याचं मान्य झालं, थोरल्याचं झालं नाही. त्या रागात थोरल्याने धाकट्याला रानात संपवलं. यात जमीन नाही, सातबारा नाही, पैसा नाही. त्याला मान मिळाला, मला मिळाला नाही, एवढंच आहे. आपल्याकडचे निम्मे खटले वरून जमिनीचे दिसतात, आत हेच असतं. बापाने त्याला शिकवलं आणि मला बैलामागं ठेवलं. आई शेवटी त्याच्याकडेच राहिली. हे दुखणं कुठल्याच मोजणीच्या नकाशात येत नाही. भाऊ कुठे आहे असं विचारल्यावर काइन हात झटकतो, त्याच्यावर लक्ष ठेवणं माझं काम नाही असं सुनावतो. त्या हात झटकण्यापासून पुढचं सगळं बायबल सुरू होतं असं म्हटलं तरी चालेल.

आता याकोब आणि एसाव घ्या. जुळे भाऊ. एसाव थोरला, शिकारीवरून दमून भुकेला आला तेव्हा धाकट्या याकोबाने डाळीच्या कालवणाच्या बदल्यात त्याच्याकडून थोरलेपणाचा हक्क लिहून घेतल्यासारखाच घेतला. पुढे बाप इसहाक म्हातारा झाला, डोळे गेले. तेव्हा आई रिबकाने याकोबाच्या हाताला करडाची कातडी बांधली, एसावाचे कपडे घातले आणि आंधळ्या बापाकडून थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला मिळवून दिला. आजारी बापाकडून परस्पर कागद करून घेणं ही काय फक्त आपल्या तालुक्याची खासियत नाही बघा. एसाव भावाचा जीव घ्यायला निघाला आणि याकोब मामाच्या गावी, हारानला पळाला.

तिथं त्याने २० वर्षं काढली. मामाने त्यालाच फसवलं, लग्नातही आणि मजुरीतही. फसवणाऱ्याला फसवणूक काय असते ते कळलं. मग तो घरी परत निघाला, आणि निरोप आला की एसाव ४०० माणसं घेऊन तुझ्या दिशेने येतोय.

इथून पुढे तो काय करतो ते नीट बघण्यासारखं आहे. तो भावाकडे कुणाला "झालं गेलं विसरू या" असं सांगायला पाठवत नाही. तो जनावरं पाठवतो. पुस्तकात हिशेब दिलाय: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी आणि त्यांची पिल्लं, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. पिल्लं सोडून ५५० जनावरं झाली. तीही एकदम नाही, कळपामागून कळप, मध्ये अंतर ठेवून. स्वतः भावासमोर जातो तेव्हा सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. एसाव धावत येतो, त्याला मिठी मारतो आणि दोघं रडतात.

आपल्याला ती मिठी आठवते. फोटो काढायचा तर तोच क्षण. पण त्यानंतरचा प्रसंग जास्त महत्त्वाचा आहे. एसाव म्हणतो, माझ्याकडे भरपूर आहे, तुझं तुलाच राहू दे. याकोब ऐकत नाही, घ्यायलाच लावतो. आणि त्या वेळी मूळ हिब्रू भाषेत तो त्या भेटीसाठी जो शब्द वापरतो तो "आशीर्वाद" या अर्थाचा आहे. जी गोष्ट २० वर्षांपूर्वी चोरली, तिचंच नाव घेऊन तो परत करतोय. एसाव ते घेतो. मग ते मिटतं.

म्हणजे क्रम असा: आधी परतफेड, मग मिठी. आपण बरोबर उलटं करतो. मिठी आधी मारायला लावतो आणि परतफेडीचा विषय कुणी काढला तर म्हणतो, "आता पुन्हा कशाला उकरून काढतोस?"

आणखी एक. समेट झाल्यावर एसाव म्हणतो चल, बरोबरच जाऊ. याकोब नम्रपणे टाळतो. लेकरं लहान आहेत, जनावरं दमलीत, तू हो पुढे. एसाव सेईरला जातो, याकोब सुक्कोथकडे वळतो. दोघं वेगवेगळेच राहतात. पुन्हा एकत्र दिसतात ते बापाला मूठमाती देताना. इसहाकाला दोघांनी मिळून पुरलं असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे किती घरांत बापाच्या तिरडीला खांदा देतानाही भाऊ एकमेकांकडे बघत नाहीत, ते तुम्ही पाहिलंच असेल.

त्याआधी त्यांचा आजा अब्राहाम यानेही हेच केलं होतं. अब्राहाम आणि पुतण्या लोट यांची जनावरं वाढली, चराई पुरेना, गुराखी भांडायला लागले. अब्राहाम चुलता, वडीलधारा. तरी त्याने पुतण्याला सांगितलं की आधी तू निवड, उरेल ते माझं. लोटाने पाण्याची, यार्देन नदीकाठची जमीन घेतली. वाटणीत पहिली निवड धाकट्याला देणारा वडीलधारा माणूस आपल्याकडे किती वेळा दिसतो? पुढे लोट संकटात सापडला, शत्रूने धरून नेला, तेव्हा हाच चुलता ३१८ माणसं घेऊन त्याला सोडवायला गेला. वेगळं राहिले, पण वैरी झाले नाहीत. एका चुलीवर राहणं म्हणजेच एकी, हा हट्ट आपल्याकडे फार घरं मोडतो. चुली वेगळ्या झाल्या म्हणून नातं मोडत नाही. लपूनछपून केलेल्या वाटणीने मोडतं.

योसेफाची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत असेल. बापाचा लाडका. भावांनी त्याला १७ व्या वर्षी २० चांदीच्या नाण्यांना विकलं. तो मिसरात मोठा अधिकारी झाला. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात आले. त्याने ओळखलं, त्यांनी नाही. त्याने लगेच माफ केलं का? नाही. त्याने त्यांची परीक्षा घेतली. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला लपवायला लावला आणि त्याला गुलाम म्हणून ठेवून घेतो असं सांगितलं. बघायचं होतं की एका लाडक्या भावाला विकणारे हे लोक दुसऱ्यालाही सोडून जातात का. तेव्हा यहूदा पुढे आला आणि म्हणाला, त्याच्याऐवजी मला ठेवा. हा तोच यहूदा, ज्याने योसेफाला विकायची कल्पना काढली होती. तेव्हा कुठे योसेफ रडला आणि ओळख दिली. माफी मागणारा बदललाय का, हे बघायचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याला आहे. त्याला "मन मोठं कर" म्हणून गप्प करणं सोपं असतं, पण ते खरं नसतं.

आणि तरी बघा, बाप मिसरात आल्यावर १७ वर्षं जगला. तो गेल्यावर भावांना पुन्हा भीती वाटली की आता हा सूड घेईल. १७ वर्षं एकत्र जेवले तरी मनातली भीती गेली नव्हती. योसेफाला पुन्हा रडू आलं, पुन्हा समजूत घालावी लागली. समेट एका बैठकीत होत नाही. म्हातारं माणूस असेपर्यंत शांतता आणि तेराव्यानंतर वकील, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता येशूकडे येऊ. लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. आपल्याकडे आमदाराला, सरपंचाला, महाराजांना, फादरला लोक हेच सांगतात. येशू साफ नकार देतो. मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं, असा त्याचा सवाल आहे. मग तो लोभापासून सावध राहा असं सांगतो, आणि कोठारं मोडून मोठी बांधायला निघालेल्या पण त्याच रात्री मेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. मध्यस्थ होऊन मिरवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा. जमीन किती कुणाची हे ठरवायला तलाठी आहे, भूमापक आहे, कोर्ट आहे. मध्यस्थाचं काम वेगळं आहे. दोघांना त्यांच्या लोभाकडे बघायला लावणं. आणि ज्याला स्वतःला त्या वाटणीतून कट्टा, मत किंवा कमिशन हवंय त्याने त्या घराची पायरीच चढू नये.

डोंगरावरील प्रवचनात याहून कडक सांगितलंय. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट बघा. "तुझ्या मनात राग असेल तर" असं म्हटलेलं नाही. त्याच्या मनात असेल तर. म्हणजे मला कुणाचा राग नाही बुवा, असं म्हणून सुटका नाही. दुसरीकडे, मत्तयाच्या १८ व्या अध्यायात उलट बाजू आहे. भावाने तुझा अपराध केला असेल तर तूच जा, एकटा जा, दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. दोन्ही वचनं एकत्र ठेवली की कुणालाच घरी बसायला जागा उरत नाही. चुकलेल्याने निघायचं, ज्याचं नुकसान झालं त्यानेही निघायचं. खरंच तसं झालं तर दोघं रस्त्यातच भेटतील.

आणि क्रम पाहा. आधी एकटा. आपल्याकडे पहिली पायरी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस, दुसरी म्हणजे सोयऱ्यांमध्ये बदनामी, तिसरी तक्रार अर्ज. भावाच्या ओट्यावर जाऊन बसणं यादीतच नाही.

उधळ्या मुलाची गोष्ट सगळे सांगतात, पण तीही खरं तर दोन भावांची गोष्ट आहे. धाकटा वाटणी घेऊन गेला, उडवून आला, बापाने मिठी मारली, जेवण घातलं. थोरला रानातून आला आणि रुसून बाहेरच थांबला. बापाशी बोलताना तो धाकट्याला "तुमचा मुलगा" म्हणतो, भाऊ म्हणत नाही. बाप उत्तर देताना मुद्दाम "तुझा भाऊ" म्हणतो. बाप त्याची समजूत घालायला स्वतः बाहेर आलाय हेही विसरू नका. थोरला शेवटी घरात गेला की नाही, ते येशूने सांगितलेलंच नाही. ते ऐकणाऱ्यावर सोडलंय.

शिष्यांचंही सगळं गोड होतं असं नाही. पौल आणि बर्णबा यांचं मार्कवरून इतकं वाजलं की दोघं दोन दिशांना गेले. लपवलेलं नाही, पुस्तकात आहे. पण शेवटच्या काळातल्या पत्रात पौल त्याच मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असं लिहितो. करिंथच्या मंडळीला तो खडसावतो की भाऊ भावाला कोर्टात ओढतो, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही का. आणि फिलिप्पैच्या दोन बाया, युवदिया आणि सुंतुखे, यांच्यातलं भांडण मिटावं म्हणून तो तिथल्या एका सहकाऱ्याला लिहितो की तू या दोघींना मदत कर. बाजू घे असं नाही, मदत कर.

आता एक धोक्याचं. शांततेच्या नावाखाली दुबळ्याचं तोंड बंद करायला बायबलचा वापर होतो, इतर धर्मग्रंथांचाही होतो. यिर्मया संदेष्ट्याने अशाच लोकांवर टीका केलीय, ज्यांनी लोकांची जखम वरवर बांधली आणि सगळं ठीक आहे असं सांगत सुटले. आपल्याकडे ही जखम बहुतेक वेळा बहिणीची असते. भावाभावांचा समेट होतो आणि त्याचा खर्च बहीण भरते, हक्कसोड पत्रावर सही करून. माहेर तुटेल या भीतीने केलेली ती सही काही समेट नव्हे. गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, सगळ्या समाजासमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात. त्यांना भाऊ नव्हता, हे खरं. पण देवाने त्यांना भांडकुदळ म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे असा निवाडा दिला. आज तर कायदाच बोलतो. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. वाटणीच्या बैठकीला बहिणीला बोलावलं नसेल तर ती बैठक अर्धीच.

तसंच मारहाण, धमकी, विष पाजायची भाषा जिथं आहे तिथं आधी पोलीस ठाणं. याकोबसुद्धा जीव वाचवायला पळालाच होता. तिथेच बसून मार खा असं त्याला कुणी सांगितलं नाही.

मग करायचं काय? सरकारी सोयी आपल्याकडे आहेत. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, समित्या झाल्या, कमानीवर पाट्याही लागल्या. पाटी राहिली, समितीची बैठक शेवटची कधी झाली ते आपापल्या गावात विचारा. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप होतं. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा १२ वर्षांहून जुना घोळ मिटवायला २०२३ मध्ये सलोखा योजना आली, मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा पक्का, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

पण या सगळ्यांत एक अट समान आहे. दोघांनी यायला हवं. कुठलंही परिपत्रक माणसाला भावाच्या दारापर्यंत नेऊन सोडत नाही. ते अंतर ज्याचं त्याला चालावं लागतं, आणि बायबल म्हणतं ते चालणं प्रार्थनेच्याही आधीचं आहे.

आपल्या भागातले पाळक, फादर, कीर्तनकार, मौलवी या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. सणाला मंडळी गोळा होते तेव्हा शांतीवर बोलता, चांगलं आहे. पण एकदा एवढंच विचारा: इथं बसलेल्यांपैकी कुणाकुणाची सख्ख्या भावाशी तारीख चालू आहे? हात वर करायला लावू नका. फक्त सांगा, की अर्पण राहू दे बाजूला, आधी जाऊन ये, आम्ही थांबतो. आणि बांध किती फूट सरकवला ते मनाशी कबूल करून जा.

त्या दिवशी देऊळ, चर्च, मशीद अर्धी रिकामी झाली तरी चालेल. गाव थोडं भरेल.